सोहळा बेटावर, हिशेब नावेचा

नंदुरबार : लग्नाचा पंचविसावा वाढदिवस, वडिलांची एकसष्टी किंवा नवदांपत्याचा मधुचंद्र अशा प्रसंगी मंगल कार्यालय आणि जेवणावळी यांना फाटा देऊन चार दिवस एखाद्या निवांत बेटावर घालवावेत, हा विचार आता केवळ मोठ्या शहरांपुरता राहिलेला नाही. नंदुरबारपासून समुद्र दूर असला, तरी सुरतचा विमानतळ रेल्वेने सुमारे १६० किलोमीटरवर आहे आणि मुंबई एका रात्रीच्या अंतरावर. निळे पाणी, पांढरी वाळू, पाण्यावर उभारलेली लाकडी घरे, अशी चित्रे पाहून आरक्षण केले जाते. तथापि, बेटावरील मुक्काम हा इतर कोणत्याही सहलीपेक्षा वेगळा असतो. तेथे पिण्याच्या पाण्यापासून डॉक्टरपर्यंत प्रत्येक गोष्ट नावेने किंवा विमानाने यावी लागते. बेटावर जे ऐश्वर्य म्हणून विकले जाते, ते मुळात या ये-जा करणाऱ्या व्यवस्थेचे मोल असते. ही बाब ध्यानी ठेवून नियोजन केल्यास सोहळा सुखाचा होतो. अन्यथा खर्च आणि मनस्ताप दोन्ही वाढतात.

एक बेट, एक निवास

आलिशान बेटनिवासाची आज रूढ असलेली कल्पना प्रामुख्याने मालदीवने जगाला दिली. हिंदी महासागरातील या देशात सुमारे बाराशे प्रवाळ बेटे असून, त्यांपैकी दोनशेच्या आसपास बेटांवर स्थानिक वस्ती आहे. तेथील पहिले पर्यटक निवासस्थान 'कुरुंबा' हे १९७२ मध्ये सुरू झाले. पुढे 'एक बेट, एक रिसॉर्ट' हे तत्त्व रुजले. वस्ती नसलेले संपूर्ण बेट एकाच व्यावसायिकाला भाडेपट्ट्याने द्यायचे आणि तेथील पाणी, वीज, सांडपाणी, वाहतूक या सर्व सोयी त्यानेच उभारायच्या, असे या पद्धतीचे स्वरूप आहे. त्यामुळे पाहुण्याला एकांत मिळतो. मात्र बेटाबाहेर जाऊन स्वस्तात जेवण घेणे किंवा औषधाचे दुकान गाठणे त्याला शक्य नसते. वस्ती असलेल्या बेटांवर साधी अतिथिगृहे चालविण्यास साधारण २००९ नंतर मुभा मिळाली. तेथील मुक्काम रिसॉर्टच्या तुलनेत बराच स्वस्त पडतो.

या बेटांवर नद्या नाहीत. समुद्राचे पाणी यंत्राद्वारे गोडे करून प्यावे लागते. वीज प्रामुख्याने डिझेलवर चालणाऱ्या जनित्रांतून येते आणि आता त्यास सौरऊर्जेची जोड दिली जात आहे. धान्य, भाजीपाला, फळे यांचा मोठा भाग परदेशांतून मागवावा लागतो. ही व्यवस्था किती नाजूक आहे, हे डिसेंबर २०१४ मध्ये दिसून आले. राजधानी मालेतील पाणी शुद्धीकरण संयंत्राला आग लागली आणि शहराचे नळ कोरडे पडले. त्या वेळी भारताने विमानांनी आणि नौदलाच्या जहाजांनी पिण्याचे पाणी पोहोचविले होते.

देशांतर्गत पर्याय

परदेशी जावयाचे नसल्यास अंदमान आणि लक्षद्वीप हे दोन पर्याय आहेत. अंदमानमधील हॅवलॉक बेटाचे नाव डिसेंबर २०१८ मध्ये स्वराज द्वीप आणि नील बेटाचे शहीद द्वीप असे करण्यात आले. राजधानी पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम असे नाव आहे. स्वराज द्वीपावरील राधानगर किनारा प्रसिद्ध असून, त्याच्या परिसरात उच्च दर्जाची निवासस्थाने आहेत. राजधानीपासून तेथे बोटीने साधारण दोन तास लागतात. भारतीय पर्यटकांना नेहमीच्या पर्यटनस्थळी जाण्यासाठी वेगळा परवाना लागत नाही. आदिवासी राखीव क्षेत्रात मात्र प्रवेशास सक्त मनाई आहे. मराठी कुटुंबांच्या दृष्टीने या सहलीला आणखी एक अर्थ असतो. स्वातंत्र्यवीर सावरकर ज्या सेल्युलर जेलमध्ये १९११ ते १९२१ या काळात बंदिवान होते, ते स्थळ पाहिल्याविना बहुतेक जण परतत नाहीत.

लक्षद्वीपमध्ये ३६ बेटे असून, त्यांतील १० बेटांवर वस्ती आहे. एकूण भूभाग अवघा ३२ चौरस किलोमीटर. येथे जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रशासनाचा प्रवेश परवाना घ्यावा लागतो. तो हाती येण्यापूर्वी विमानाचे तिकीट काढणे धोक्याचे ठरते. विमान कोचीहून अगत्तीला उतरते आणि जहाजेही प्रामुख्याने कोचीहून सुटतात. कायम वस्ती नसलेले बंगाराम बेट पर्यटकांसाठी विशेष प्रसिद्ध आहे. जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधानांनी लक्षद्वीपला भेट दिल्यानंतर या बेटांकडे देशाचे लक्ष वेधले गेले. परंतु खोल्या व बोटी मर्यादित असल्याने येथील नियोजन काही महिने आधी करणे इष्ट ठरते.

नर्मदेच्या पाण्यावरील मुक्काम

समुद्र गाठण्याइतका वेळ किंवा पैसा नसल्यास नर्मदेचा पर्याय नंदुरबारकरांच्या जवळचा आहे. मध्य प्रदेशात खंडवा जिल्ह्यातील इंदिरासागर जलाशयाच्या काठी हनुवंतिया येथे राज्य पर्यटन महामंडळाने निवासस्थान उभारले आहे. साठवण क्षमतेच्या दृष्टीने हा देशातील सर्वांत मोठ्या जलाशयांपैकी एक. येथे २०१६ मध्ये 'जल महोत्सव' सुरू झाला आणि त्या काळात पाण्याकाठी आलिशान तंबू उभारले जाऊ लागले. त्याच जिल्ह्यात ओंकारेश्वर धरणाच्या पाण्याकाठी सैलानी येथे महामंडळाचे 'आयलंड रिसॉर्ट' आहे. ज्योतिर्लिंगाचे ओंकारेश्वर हे स्थानच नर्मदेतील मांधाता बेटावर असल्याने घरातील ज्येष्ठांना दर्शन आणि लहानांना जलविहार असा दुहेरी लाभ होतो. नंदुरबारहून शहादा, खेतिया, सेंधवा, खरगोन या मार्गाने रस्त्याने जाता येते.

गुजरातमध्ये केवडिया येथे सरदार वल्लभभाई पटेल यांच्या १८२ मीटर उंचीच्या पुतळ्याचे लोकार्पण ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी झाले. त्याच सुमारास सरदार सरोवर परिसरात 'टेंट सिटी' सुरू झाली. तेथे वातानुकूलित तंबूंत राहण्याची सोय आहे. या ठिकाणी बेटाचा एकांत नसला, तरी जलाशयाच्या सान्निध्यात कौटुंबिक सोहळा करता येतो.

खर्चाचा खरा आकडा

जाहिरातीत दिसणारा दर आणि प्रत्यक्ष देयक यांत मोठी तफावत असते. मालदीवचे उदाहरण घेता येईल. तेथे पर्यटन सेवांवरील कर १ जुलै २०२५ पासून १७ टक्के झाला आहे. मोठ्या रिसॉर्टमधील प्रत्येक पाहुण्यास दररोज १२ डॉलर हरित कर द्यावा लागतो. याखेरीज १० टक्के सेवाशुल्क आकारण्याची सर्वसाधारण प्रथा आहे.

समजा, दोघांसाठी खोलीचा दर रात्रीला ४०० डॉलर सांगितला आणि त्यात कर धरलेले नाहीत. सेवाशुल्क मिळवून रक्कम ४४० डॉलर होते. त्यावर १७ टक्के कर म्हणजे ७४.८० डॉलर. दोघांचा हरित कर २४ डॉलर. अशा रीतीने एका रात्रीचे ५३८.८० डॉलर होतात. म्हणजेच मूळ दरापेक्षा जवळपास ३५ टक्के अधिक. चार रात्रींचा मुक्काम १६०० डॉलरचा वाटतो, तो प्रत्यक्षात २१५५.२० डॉलरचा असतो. विमानतळापासून बेटापर्यंतच्या बोटीचे अथवा सी-प्लेनचे भाडे यात नाही. ते माणशी आकारले जाते आणि दूरच्या बेटांसाठी काहीशे डॉलरपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच दर विचारताना 'सर्व कर व वाहतूक धरून अंतिम रक्कम किती?' हा प्रश्न लेखी विचारावा.

भोजनाचे प्रकारही समजून घेणे आवश्यक आहे. केवळ न्याहारीचा दर असल्यास दोन वेळच्या जेवणाचा खर्च वेगळा पडतो आणि बेटावर दुसरे उपाहारगृह नसते. 'फुल बोर्ड'मध्ये तिन्ही वेळचे जेवण असते, पण पेये बहुधा नसतात. 'ऑल इन्क्लुझिव्ह'मध्ये पेये असतात, तरी कोणती आणि किती वाजेपर्यंत, हे ठिकाणानुसार बदलते. शाकाहारी किंवा जैन भोजन हवे असल्यास ते आगाऊ कळविणे श्रेयस्कर. परदेश सहलीच्या रकमेवर सहल कंपनी प्राप्तिकराच्या नियमांनुसार उगमस्थानी करसंकलन करते. ही रक्कम विवरणपत्र भरताना करात वळती करून घेता येते किंवा परत मिळू शकते. त्यासाठी पावती व पॅन क्रमांकाची नोंद जपून ठेवावी.

हंगाम आणि वेळा

मालदीवमध्ये साधारणतः जानेवारी ते एप्रिल हा कोरडा काळ. मे ते ऑक्टोबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे पाऊस आणि खवळलेला समुद्र यांची शक्यता असते. या दिवसांत दर उतरतात, त्यामागील कारण हेच आहे. अंदमान व लक्षद्वीपसाठीही पावसाळा टाळणे हिताचे. नर्मदेवरील ठिकाणांसाठी पावसाळ्यानंतरचे महिने उत्तम, कारण तेव्हा जलाशय भरलेले असतात आणि हवा सुखद असते.

मालदीवमध्ये सी-प्लेन केवळ दिवसाउजेडी उडते. सायंकाळी मालेत उतरणाऱ्या प्रवाशाला पहिली रात्र राजधानीत काढावी लागते आणि रिसॉर्टचे त्या रात्रीचे भाडे वाया जाऊ शकते. सोहळ्याचा दिवस ठरलेला असल्यास किमान एक दिवस आधी बेटावर पोहोचावे. अंदमानातही हवामान बिघडल्यास बोटी रद्द होतात. त्यामुळे परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री राजधानीतच मुक्काम असावा.

सोहळ्याची तयारी

लग्नाचा वाढदिवस किंवा मधुचंद्र असल्याचे कळविल्यास अनेक ठिकाणी केक, खोलीची सजावट किंवा एखादे भोजन भेट म्हणून दिले जाते. त्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागितली जाऊ शकते. बेटावर विवाहविधी करण्याचा मानस असलेल्यांनी विवाहाची कायदेशीर नोंदणी भारतातच करून घ्यावी आणि बेटावरील कार्यक्रम प्रतीकात्मक ठेवावा. काही रिसॉर्ट केवळ प्रौढांसाठी असतात. नातवंडांसह एकसष्टी साजरी करावयाची असल्यास ही चौकशी प्रथम करावी.

मालदीवमध्ये मद्य नेण्यास बंदी आहे. विमानतळावर ते काढून घेतले जाते. तेथे मद्य केवळ परवाना असलेल्या रिसॉर्टमध्ये मिळते. शंख-शिंपले व प्रवाळ आठवण म्हणून आणण्याचा मोह टाळावा. प्रवाळ भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ अन्वये संरक्षित आहे. अंदमान किंवा लक्षद्वीपमधून प्रवाळाचा तुकडा सामानात आढळल्यास कारवाई होऊ शकते. श्वसननळकांडे लावून खोल पाण्यात सूर मारणाऱ्यांनी त्यानंतर किमान १८ ते २४ तास विमानप्रवास करू नये, असा सर्वमान्य संकेत आहे. हृदयविकार, मधुमेह, रक्तदाब असलेल्यांनी सर्व औषधे मुक्कामाच्या दिवसांपेक्षा काही दिवस अधिक पुरतील इतकी सोबत ठेवावीत. विम्यात रुग्णाला बेटावरून रुग्णालयात हलविण्याचा खर्च अंतर्भूत आहे, याची खात्री करावी.

आरक्षणापूर्वी विचारावयाचे प्रश्न

• सर्व कर, सेवाशुल्क आणि बोट किंवा सी-प्लेनचे भाडे धरून अंतिम रक्कम किती?
• शेवटची बोट किंवा विमान किती वाजता सुटते? उशीर झाल्यास रात्रीची सोय कोण करणार?
• बेटावर डॉक्टर राहतो काय? जवळचे रुग्णालय किती वेळाच्या अंतरावर आहे?
• बोटीत प्रत्येकासाठी, लहान मुलांच्या मापासह, जीवरक्षक जॅकेट आहे काय?
• हवामानामुळे प्रवास रद्द झाल्यास पैसे परत मिळतात की तारीख बदलून मिळते?
• ज्येष्ठांना चढ-उतार न करता खोली व भोजनगृह गाठता येते काय?

नावेत बसण्यापूर्वी

या प्रश्नांपैकी जीवरक्षक जॅकेटचा प्रश्न सर्वांत कमी वेळा विचारला जातो. १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबईत गेट वे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. या दुर्घटनेत १५ जणांना प्राण गमवावे लागले. घारापुरीची सफर ही मुंबईकरांच्या दृष्टीने अगदी नित्याची आणि सुरक्षित मानली जाते. त्यानंतर जॅकेट वापरण्याची सक्ती आणि प्रवासी संख्येवरील नियंत्रण यांची चर्चा राज्यभर झाली.

नंदुरबार जिल्ह्याने मात्र हे दुःख त्यापूर्वीच सोसले होते. १५ जानेवारी २०१९ रोजी मकर संक्रांतीच्या पर्वावर धडगाव तालुक्यातील भुषा येथे नर्मदेत भाविकांची बोट उलटली. किमान सहा जणांचा मृत्यू झाला आणि मृतांत लहान मुलांचा समावेश होता. ही मंडळीही सोहळ्यासाठीच निघाली होती. संक्रांतीला नर्मदेचे स्नान आणि पूजन हा त्यांच्या वर्षातील मोठा दिवस होता.

जिल्ह्यातील टापू

सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली आणि ती सर्व नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा व धडगाव तालुक्यांतील आहेत. धरणाची १३८.६८ मीटर ही पूर्ण पातळी सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथमच गाठली गेली. अनेक कुटुंबांचे पुनर्वसन तळोदा, शहादा आदी तालुक्यांतील वसाहतींत झाले. काही पाडे मात्र डोंगरांच्या उंच भागांवर राहिले आणि पाणी चढल्यावर चहूबाजूंनी वेढले गेले. नर्मदाकाठचे लोक त्यांना 'टापू' म्हणतात. कोशात पाहिल्यास त्याचा अर्थ बेट असाच आहे.

या टापूंवर शाळा, रेशन, दवाखाना यांसाठी बोट हेच साधन उरते. जिल्हा आरोग्य यंत्रणेने नर्मदाकाठच्या गावांसाठी तरंगते दवाखाने सुरू केले, ते याच गरजेपोटी. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीच्या काळात अक्कलकुवा तालुक्यातील चिमलखेडी येथील एक अंगणवाडी सेविका स्वतः होडी वल्हवत बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत पोषण आहार पोहोचवीत होती. तिच्या कार्याची देशभर नोंद घेतली गेली.

याच जलाशयाच्या गुजरातेतील टोकाला पर्यटकांसाठी बोटी, धक्के आणि तंबू आहेत. महाराष्ट्राच्या बाजूला मणिबेली हे नर्मदेवरील राज्यातील पहिले गाव त्याच पाण्यावर वसलेले आहे. जिल्ह्यातील या पाण्यावर पर्यटन विकसित व्हावे, ही मागणी अधूनमधून पुढे येते आणि सातपुड्यातील डोंगर, नर्मदेचे विस्तीर्ण पात्र पाहता ती अवास्तवही नाही. परंतु बेटावरील निवासाचा जगभरातील अनुभव एकच क्रम सांगतो. आधी भरवशाची बोट, पक्का धक्का, पिण्याचे पाणी आणि डॉक्टर, त्यानंतर तंबू आणि रोषणाई. नद्या आणि जलाशयांतील बोटींची नोंदणी, तपासणी व प्रवासी क्षमता यांसाठी अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ अस्तित्वात आहे. त्याची अंमलबजावणी पर्यटकांच्या बोटींइतकीच टापूंवरील रहिवाशांच्या बोटींसाठीही होणे गरजेचे आहे. ज्या धक्क्यावरून पाहुणा सुखरूप उतरेल, त्याच धक्क्यावरून पाड्यावरची गरोदर माता दवाखान्यात पोहोचली पाहिजे.

बेटावर सोहळा साजरा करण्यास निघणाऱ्या कुटुंबाने म्हणूनच खोलीतून दिसणाऱ्या दृश्याइतकेच लक्ष बोटीकडे द्यावे. तिची क्षमता विचारावी, जॅकेट अंगावर चढवावे आणि गर्दी असेल तर पुढच्या फेरीची वाट पाहावी. भुषाच्या पाण्याने शिकविलेला हा धडा मालेपासून मणिबेलीपर्यंत सर्वत्र सारखाच लागू पडतो.